कथा वळवणारी बाई



तापीकाठच्या सारंगखेड्याला माणसं पारखायला शिकवण्याची गरज नाही. मार्गशीर्षात एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो, दूरदूरच्या राज्यांतून जनावरं येतात, आणि जाणता गिऱ्हाईक रंगरूपावर न भाळता आधी दात बघतो, खूर बघतो, मग चाल बघतो. आज मला तुमच्यासमोर जिच्याविषयी बोलायचं आहे, तिची पारख मात्र आपण रंगरूपावरूनच केली आणि तिथेच थांबलो, असं माझं म्हणणं आहे. ती म्हणजे ललिता पवार. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याची, 1916 साली जन्मलेली, मूळ नाव अंबिका सगुण. 1928 च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात तिनं पहिल्यांदा काम केलं तेव्हा ती जेमतेम बारा वर्षांची होती. 1987 मध्ये रविवारच्या सकाळी देशानं तिला दूरदर्शनवर मंथरा म्हणून पाहिलं तेव्हा तिनं सत्तरी ओलांडली होती. मूकपट, बोलपट, रंगपट आणि दूरचित्रवाणी ही चारही युगं एकाच बाईनं उभ्या उभ्या पार केली. एवढ्या लांबच्या वाटचालीला आपण काय नाव दिलं? ‘खाष्ट सासू.’ दोन शब्दांत साठ वर्षं गुंडाळून ठेवली.

आधी शब्दाचाच विचार करू. आपण म्हणतो चरित्र अभिनेत्री, पुरस्काराच्या यादीत म्हणतात सहाय्यक अभिनेत्री. सहाय्यक म्हणजे कुणाला सहाय्य करणारी? नायक-नायिकेला. जणू गोष्ट त्या दोघांची आहे आणि बाकीचे मांडव धरून उभे आहेत. पण आपल्या कोणत्याही मोठ्या कथेकडे नीट पाहा. नायकाच्या वाट्याला बहुतेक वेळा सोसणं येतं. त्याला वनवास होतो, घरातून काढलं जातं, त्याच्यावर आळ येतो. ही वेळ त्याच्यावर आणतं कोण? कोपऱ्यात बसलेली दासी, माजघरातली आत्या, उंबऱ्याशी उभी असलेली सासू. कथा सोसणारं माणूस वेगळं आणि कथा वळवणारं माणूस वेगळं. वळवणाऱ्या माणसाच्या मनात सबळ कारण नसेल तर वळण खोटं वाटतं, आणि पुढचं नायकाचं दुःखही खोटं वाटतं. ललिता पवारनं साठ वर्षं हे कारण पुरवण्याचं काम केलं. माझा आजचा सगळा मुद्दा एवढाच आहे. बाकी जे बोलेन ते त्याचे पुरावे, आणि त्यावर घेतल्या जाणाऱ्या हरकतींना उत्तरं.

पहिली हरकत सर्वांना पाठ असलेल्या गोष्टीतून येते. 1942 साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवानदादांनी तिला थप्पड मारायची होती. ती नको तितक्या जोरात बसली, तिच्या चेहऱ्याच्या नसेला इजा झाली, डावा डोळा कायमचा अधू झाला, नायिकेच्या भूमिका गेल्या आणि दुष्ट बायकांच्या भूमिका आल्या. घटना खरी आहे, दुःखदही आहे. बाजारात जनावरात खोड निघाली की भाव कसा पडतो ते तुम्हाला सांगायला नको, आणि चित्रपटाच्या बाजाराचं मन याहून मऊ नाही. पण या गोष्टीतून जो निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. अपघातानं ही अभिनेत्री घडवली, डोळा बारीक झाला म्हणून ती दुष्ट दिसू लागली आणि दिसू लागली म्हणून गाजली, असं म्हणताना आपण तिचं सगळं कर्तृत्व एका थपडेच्या खात्यावर जमा करतो. अधू डोळ्यामुळे कुणाला एखाद-दुसरी भूमिका मिळेल. त्यानं पुढची पंचेचाळीस वर्षं निभतील का?

उलट, अपघाताआधीचा काळ बघा. मूकपटांत ती नायिका होती आणि केवळ नायिका नव्हती. 1932 च्या ‘कैलाश’च्या निर्मितीत तिचा वाटा होता. पुढे तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात टॉल्स्टॉयच्या ‘रिझरेक्शन’ कादंबरीवर बेतलेला ‘दुनिया क्या है’ तिनं निर्माण केला, त्यात कामही केलं. म्हणजे वयाच्या विशीत ही मुलगी कथा निवडत होती, पैसा उभा करत होती आणि समाजानं टाकलेल्या बाईची कहाणी आपली म्हणून पडद्यावर आणत होती. आणि मूकपटानं तिला काय शिकवलं असेल? जिथे शब्दच नाही तिथे राग मानेतून दाखवावा लागतो, संशय बोटांतून, लाचारी खांद्यांतून. तिच्या पुढच्या भूमिका आवाज बंद करून पाहिल्या तरी समजतात. पदर खोचण्याची तिची रीत एक गोष्ट सांगते, तो सोडण्याची रीत दुसरी सांगते. ही मूकपटातली कमाई होती आणि तिला कोणतीही थप्पड हात लावू शकली नाही.

आता अपघातानंतरचा काळ, वर्ष 1944. प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला आणि त्यात ललिता पवार आनंदीबाई होती. नारायणराव पेशव्याचा खून 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात झाला, ‘धरावे’च्या जागी ‘मारावे’ झालं, ‘ध’चा ‘मा’ झाला, ही आख्यायिका मराठी घरात लहान पोरालाही ठाऊक असते. इतिहासात ती कितपत टिकते हा वेगळा प्रश्न. पण एका अक्षरानं राज्य फिरवणारी बाई आपल्या भाषेत म्हण होऊन बसली आहे, आणि ती पडद्यावर उभी करायची वेळ आली तेव्हा प्रभातसारख्या चोखंदळ संस्थेनं हिला निवडलं. ‘रामशास्त्री’ न्यायाची कथा आहे. शास्त्रीबुवांची निर्भयता भव्य वाटायची तर त्यांच्यासमोरचा गुन्हाही तोलाचा हवा. नवरा पेशवेपदापासून डावलला जातो आहे, आपल्या घराला मान नाही, ही सल जिच्या मनात सतत ठसठसते अशी बाईच ते अक्षर बदलू शकते. आनंदीबाई मुळातच दुष्ट होती असं धरून चाललं की खून घडतो, पण तो घडला का ते कळत नाही. आनंदीबाई आठवा आणि बरोबर त्रेचाळीस वर्षांनंतरची मंथरा मनात ठेवा. मी तिथे परत येणार आहे.

मध्ये सासू आहे. तिच्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण दुसरी आणि सगळ्यात वजनदार हरकत तिच्याबद्दलच आहे. व्ही. शांताराम यांच्या 1950 च्या ‘दहेज’मध्ये ललिता पवारनं हुंड्यासाठी सुनेचा जीव नकोसा करणारी सासू केली. त्यानंतर ही सासू तिच्यामागे लागली ती कायमची. ‘नीलकमल’मध्ये होती, 1980 च्या ‘सौ दिन सास के’मध्ये तर चित्रपटाच्या नावातच बसली. हरकत अशी: हुंडा घेतो नवरा, मागतो सासरा, पैसा जातो घरातल्या पुरुषांच्या हाती, आणि पडद्यावर दोषी ठरते बाई. बाईच बाईची वैरीण हे वाक्य समाजाला फार सोयीचं आहे, कारण त्यानं पुरुष सुटतात. मग या सोयीच्या वाक्याला वर्षानुवर्षं चेहरा पुरवणाऱ्या अभिनेत्रीचा गौरव का करायचा?

हरकत मी हलकी मानत नाही. खरंच अशा चित्रपटांनी सासू नावाचं एक बुजगावणं उभं केलं आणि पुढे मालिकांनी ते घरोघर नेलं. पण दोन गोष्टी विचारात घ्या. एक, ही सासू चित्रपटानं जन्माला घातलेली नाही. चित्रपट येण्याच्या कितीतरी आधीपासून जात्यावरच्या ओव्यांत ती आहे, आणि ती ओवी गाणारी सून आहे. ज्या घरात सुनेला तोंड उघडायची मुभा नव्हती तिथे पहाटेच्या जात्यानं तिला ती दिली. पडद्यावरची सासू पाहून प्रेक्षागृहातल्या बायका जेव्हा तिला मोठ्यानं शिव्या घालत, तेव्हा त्या ललिता पवारला शिव्या घालत नव्हत्या. घरी ज्या व्यक्तीसमोर बोलता येत नव्हतं तिच्याशी अंधारात बोलत होत्या. तंबूतल्या सिनेमात बसलेल्या त्या सुनेला हा हिशेब मिळत होता. त्याचं मोल कमी नाही. आणि ‘दहेज’ आला तेव्हा हुंडाबंदीचा कायदा यायला अजून अकरा वर्षं होती, हेही लक्षात ठेवू.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तिची सासू नीट पाहिली तर ती कुठेही सत्तेच्या मस्तीत नसते, ती भेदरलेली असते. या बाईजवळ जमीन नाही, कमाई नाही, स्वतःचं म्हणावं असं काही नाही. आहेत त्या किल्ल्या. आयुष्यभर सोसून पन्नाशीत मिळालेला तो किल्ल्यांचा जुडगा आता कालची आलेली पोर मागणार आहे. तिच्या आवाजातली धार तिथून येते. कमरेच्या त्या जुडग्यावर हात ठेवून ती बोलते तेव्हा पुरुषी घराची सगळी व्यवस्था त्या एका हातात दिसते: सत्ता त्यांची, पण पहारा हिचा. ही व्यवस्था पटकथेत लिहिलेली नसे. पटकथेत बहुधा नुसतं ‘दुष्ट सासू’ लिहिलेलं असे. कारण आणलं ते नटीनं. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्ये (1959) तिनं ब्राह्मण घरातली वडीलधारी बाई केली आणि तिथे तर आरडाओरडाही नाही. दलित घरात जन्मलेली पोर या घरात वाढते आहे हे तिला सहन होत नाही, पण तिच्या लेखी ती क्रूर नाहीच, ती धर्म सांभाळते आहे. जात आपल्याकडे लाठीनं कमी आणि अशा सोज्वळ आवाजानं जास्त टिकली, हे त्या भूमिकेनं जितकं नेमकं दाखवलं तितकं एखादं भाषण दाखवणार नाही.

आणखी एक भूमिका आपण विसरतो. गुरु दत्त यांचा ‘मिस्टर अँड मिसेस 55’. 1955 सालीच हिंदू विवाह कायदा झाला आणि घटस्फोटाची तरतूद आली. या चित्रपटात ललिता पवार सीतादेवी आहे. ती स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणारी, पुरुषांवर विश्वास नसलेली, भाचीला लग्नाच्या फासातून सोडवू पाहणारी. चित्रपट तिच्या बाजूनं नाही, उघड विरोधात आहे. तिला हरवूनच तो संपतो. आज पाहताना ते खटकतं, खटकायलाच हवं. पण तिच्या तोंडची वाक्यं ऐकताना वारंवार वाटतं की ही बाई हरली असेल, चुकलेली नाही. दिग्दर्शकानं जिला हास्यास्पद ठरवायचं ठरवलं होतं, तिला अभिनेत्रीनं हास्यास्पद होऊ दिलं नाही. सीतादेवी ताठ चालते, पूर्ण वाक्य बोलते, समोरच्याच्या नजरेला नजर देते. सत्तर वर्षांनी आपण चित्रपटाशी भांडू शकतो, कारण तिनं भांडणाची दुसरी बाजू शाबूत ठेवली आहे.

कुणी म्हणेल, याचं श्रेय दिग्दर्शकांना द्या. शांताराम, बिमल रॉय, गुरु दत्त अशा लोकांच्या हाताखाली कुणीही चमकेल. प्रश्न रास्त आहे. पण ही माणसं एकमेकांपासून किती वेगळी! एकाचं नाट्य भडक, दुसऱ्याचं संयत, तिसरा गाण्यांच्या छायाप्रकाशात रमणारा. तिघांकडेही जी गोष्ट समान सापडते ती कुणाची म्हणायची? आणि राज कपूरच्या ‘श्री 420’मध्ये (1955) तीच बाई फुटपाथवरची केळीवाली होते, शहरात नव्यानं आलेल्या भुकेल्या पोराला माया लावते, स्वस्त घराच्या आशेला लागलेल्या गरिबांपैकी एक होते. तिथे चेहरा तोच आहे, डोळाही तोच आहे. मग डोळ्यात दुष्टपणा होता असं म्हणणाऱ्यांनी हा डोळा कसा समजावून सांगायचा?

हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’तली (1959) मिसेस डिसा तर याचा कळस. तिला त्या वर्षीचा सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. घरमालकीण, जिभेची तिखट, भाड्यासाठी तरुण भाडेकरूच्या मागे लागणारी, आणि मनातून त्याला मुलगा मानणारी. सदोष औषधानं तिचा जीव जातो आणि चित्रपटाचा हसरा सूर तिथून पालटतो. म्हणजे इथेही कथा तिच्यापाशी वळते, फक्त या वेळी तिच्या मरणानं. तिखट बोलणं आणि माया या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून ती दाखवत नाही. बोलणं हीच तिची मायेची तऱ्हा आहे, दुसरी तिला येत नाही. आपल्या खानदेशातल्या किती आज्या, किती मावश्या अशा असतात! पोराला जवळ घेणार नाहीत, पण ‘उपाशी मरशील’ म्हणून ताट वाढतील. पुढे 1971 च्या ‘आनंद’मध्ये हृषीकेशजींनी रुग्णालयातल्या रागीट मेट्रनच्या भूमिकेसाठी पुन्हा तिलाच घेतलं आणि नावही डिसाच ठेवलं. मला हा दिग्दर्शकानं अभिनेत्रीला केलेला नमस्कार वाटतो.

पण मला सर्वांत जवळची वाटणारी भूमिका ‘प्रोफेसर’मधली आहे, 1962. लेख टंडन यांचा हा चित्रपट निव्वळ करमणुकीचा. शम्मी कपूर म्हाताऱ्या प्राध्यापकाचा वेष घेऊन एका श्रीमंत घरात शिकवणी करायला येतो. घरात दोन तरुण भाच्या आणि त्यांना धाकात ठेवणारी कडक आत्या. ही आत्या त्या खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. प्रसंग हसण्यासाठीच लिहिलेला आहे आणि प्रेक्षक हसतात. उतारवयातली बाई आरशासमोर उभी राहून नटते, याला हसायचं नाही तर काय, असा त्या काळचा समज. ललिता पवारनं काय केलं? तिनं ते नटणं खरं केलं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पोरी सांभाळणाऱ्या, घरावर दरारा ठेवता ठेवता स्वतःचं मन विसरलेल्या बाईला कुणीतरी आपल्याशी नीट बोलतंय असं पहिल्यांदा वाटतं आहे. ती लाजते, आणि त्या लाजण्यात चेष्टा नाही. प्रेक्षागृह हसत राहतं आणि हसता हसता थोडं ओशाळतं. जिला सबंध समाजानं प्रेमाच्या बाहेर उभं केलं होतं, तिला एका विनोदी चित्रपटात तिनं प्रेमाचा हक्क मिळवून दिला. हे करायला नायिकेचा चेहरा उपयोगी पडला नसता. तो कडक, एका डोळ्याकडे किंचित ओढला गेलेला चेहराच हवा होता, कारण तो मऊ होताना दिसणं हीच त्या प्रसंगातली घटना होती.

सगळ्याच भूमिका या तोलाच्या नव्हत्या, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. पोटासाठी केलेल्या, एकाच साच्याच्या, चार प्रसंगांत उरकलेल्या भूमिका तिच्या खात्यात पुष्कळ आहेत. त्या मोजून तिचं वजन करणं अन्याय होईल, आणि त्या लपवणं हाही.

आता दूरदर्शन. रामानंद सागर यांचं ‘रामायण’ 25 जानेवारी 1987 ला सुरू झालं, 31 जुलै 1988 पर्यंत रविवारी सकाळी चाललं. गावात एखाद-दुसरा संच, त्याच्यासमोर अर्धं गाव, रस्ते ओस. तिथे मंथरा म्हणून ललिता पवार आली. मंथरा तिला नवी नव्हती. 1961 च्या ‘संपूर्ण रामायण’मध्येही तिनंच ती केली होती. म्हणून शेवटची हरकत अशी घेतात की ही नुसती पुनरावृत्ती होती, म्हाताऱ्या नटीनं जुनं सोंग पुन्हा लावलं.

मंथरा कोण होती ते आधी पाहू. वाल्मीकींच्या काव्यात ती कैकेयीच्या माहेराहून आलेली दासी आहे. तिचं कुळ कुणाला ठाऊक नाही. तुलसीदासांनी मात्र तिच्याकडून दोष काढून घेतला: देवांच्या विनंतीवरून सरस्वती तिची बुद्धी फिरवते, म्हणजे मंथरा निमित्तमात्र. एका बाजूला आश्रित दासी, दुसऱ्या बाजूला देवाचं हत्यार. अभिनेत्रीनं यातलं कुणाला निवडावं? देवाचं हत्यार साकारणं सोपं, कारण त्याला मन लागत नाही. ललिता पवारची मंथरा मला वाल्मीकींची वाटते. कैकेयीला तिनं बोटाला धरून वाढवलं, तिच्याबरोबर परक्या गावी आली, अयोध्येत तिचं दुसरं कुणी नाही. उद्या कौसल्या राजमाता झाली की कैकेयीचा मान जाणार, आणि कैकेयीचा मान गेला की या कुबड्या म्हातारीला कोण विचारणार? ती कैकेयीशी बोलते तेव्हा आधी राग नसतो, काळजी असते. माहेरच्या बाईनं सासरी आलेल्या लेकीला दिलेला तो सल्ला आहे, म्हणूनच तो कैकेयीच्या मनात उतरतो. तो नुसता दुष्टपणा असता तर राणीनं तिला हाकलून दिलं असतं आणि रामायण अयोध्येतच संपलं असतं.

चित्रपटाच्या मोठ्या पडद्यावर हे सांगायला थोडी मिनिटं मिळतात. दूरदर्शनवर तिला वेळ मिळाला, संवाद मिळाले, आणि छोट्या चौकटीत चेहरा इतका जवळ आला की घराच्या भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीला वाटावं, शेजारीण कानाशी लागली आहे. सव्वीस वर्षांपूर्वीचीच भूमिका, पण 1961 ची मंथरा लांबून दिसते, 1987 ची कुजबुजते. मूकपटात मान आणि बोटं शिकलेली बाई आता फक्त पापणीवर काम करत होती. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा दाखवलं तेव्हा ललिता पवारला जाऊन बावीस वर्षं झाली होती. 24 फेब्रुवारी 1998 ला पुण्यात तिचं निधन झालं. ज्यांनी तिचा दुसरा एकही चित्रपट पाहिलेला नव्हता, ज्यांना ‘दहेज’ ठाऊक नव्हता की मिसेस डिसा, अशी पोरं त्या वर्षी संचासमोर बसली आणि मंथरा कैकेयीच्या महालात शिरली की आपापसातलं बोलणं थांबवून ऐकू लागली, कारण आता काहीतरी फिरणार हे त्यांना तिच्या चालीवरूनच कळत होतं.